एक बेल थांबायची

"घाबरलास काय रे, मास्तर?"

दर रविवारी सकाळी बोटीचं इंजिन सुरू करायच्या आधी काका मला हा प्रश्न विचारायचे. मी "हो" म्हटलं की ते समाधानाने मान हलवायचे आणि किल्ली फिरवायचे. एकदा ऑगस्टमध्ये, सलग पाच रविवार कुठेही काही आपटलं नव्हतं म्हणून, मी छाती काढून सांगितलं, "नाही काका, आज अजिबात नाही." त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली, थर्मास काखोटीला मारला आणि बसस्टॉपच्या दिशेने चालायला लागले. मी मागून धावतोय, "अहो काका, झालं तरी काय?" तर मागे वळून न बघता म्हणाले, "न घाबरलेल्या माणसाला मी पुढे उभा करत नाही. पुढच्या रविवारी ये. घाबरून ये."

खरं म्हणजे मला हे सांगावं लागू नये. मी कराडचा. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलो आणि मला पोहता येत नाही. आईने घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली कधी उतरू दिलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मीही कधी हट्ट केला नाही. नोकरीसाठी हॅलिफॅक्सला आलो, पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याची, वाट बघत डार्टमथला काकांच्या बेसमेंटमध्ये राहू लागलो, तेव्हा ऑफिसला जायला रोज पलीकडच्या काठाला नेणारी फेरीबोट घ्यावी लागायची. बारा मिनिटांचा प्रवास. लोक डेकवर जाऊन फोटो काढायचे आणि मी आत अगदी मधल्या बाकावर, लाइफ जॅकेटच्या पेटीला गुडघा टेकवून बसायचो. असा माणूस काकांनी बोटीसाठी का निवडला? तर माझ्या वडिलांमुळे.

बेसमेंट बघायला गेलो त्या दिवसाची गोष्ट. काका सत्तरीच्या पुढचे, सडसडीत, जून महिन्यात डोक्याला माकडटोपी. खोली दाखवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले."

काका ताठ बसले. "म्हणजे तुला बेल कळते?"

"बेल?"

"एक बेल दिली की?"

"थांबायचं."

"दोन?"

"निघायचं."

"झालं. खोली तुझी," काका म्हणाले. "आणि रविवार सकाळ माझी."

मग त्यांनी मला समोर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, यातलं त्यांनी माझ्यापासून काही म्हणजे काही लपवलं नाही. ते मूळचे देवगडकडचे. तीस वर्षं परदेशी जाणाऱ्या जहाजांवर इंजिनरूममध्ये होते, नंतर इथे गोदीत. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. एक सत्तावीस फुटी शिडाची बोट होती, जवळच्या एका छोट्या बोटक्लबात बांधलेली. आणि दोन्ही डोळ्यांचं मधलं बघणं गेलं होतं. "कडेचं सगळं दिसतं," ते हाताने कानांपाशी दाखवत म्हणाले, "धक्का दिसतो, शेजारची बोट दिसते, तुझे कान दिसतात. तुझं तोंड दिसत नाही. तिथे एक मळकट डाग आहे, बशीएवढा." मग, बहुतेक स्वतःलाच, "माका समोरचा दिसणा नाय."

"मग बोट कशाला चालवता, काका?" मी विचारलं. कोणीही विचारलं असतं.

"बोट आहे तोवर मी इथे आहे," ते म्हणाले. "बोट गेली की मुलगी मला वॉनला, तिच्या घरी, घेऊन जाणार. तिथे सगळीकडे वेअरहाऊस. पाणी म्हणजे नळाला येईल तेवढं."

मुलगी दर शनिवारी फोन करायची. हे मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. बेसमेंटच्या जिन्यातून मला एक वाक्य हमखास ऐकू यायचं: "बाबा, जस्ट सेल द बोट." त्यावर काका प्रत्येक वेळी तिला जेवलीस का म्हणून विचारायचे.

आता त्यांची बोट. तिला शीड होतं, पण ते मी दोन वर्षांत एकदाही वर गेलेलं पाहिलं नाही. शिडाची गुंडाळी एका निळ्या पिशवीत माझ्या बेसमेंटमध्ये पडलेली असायची, मी तिला टेकून लॅपटॉपवर क्रिकेट बघायचो. "शीड म्हणजे वाऱ्याची मर्जी," काका म्हणायचे. "मी आयुष्यात वाऱ्याचं काम केलेलं नाही. मी इंजिनाचा माणूस." इंजिन एका सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं, धक्धक् करणारं. त्याला ते 'साहेब' म्हणायचे. साहेबांना आज सर्दी आहे. साहेब जरा गरम होऊ देत.

आणि आम्ही कुठे जायचो? कुठेही नाही! देवाशपथ, कुठेही नाही. जागेवरून बोट बाहेर काढायची, दोन रांगांच्या मधल्या बोळातून शेवटपर्यंत न्यायची, वळवायची, परत आणून जागेवर लावायची. पुन्हा बाहेर काढायची. असं आठ वेळा. क्लबातले लोक कॉफीचे मग घेऊन बघत बसायचे. पहिल्या दिवशी मी विचारलंच, "काका, आपण बाहेर समुद्रात नाही जायचं?" तर म्हणाले, "जायला काय अक्कल लागते? दोरी सोडली की कोणीही जातं. परत येऊन जागेवर लागता आलं पाहिजे."

तो बोळ मी अजून स्वप्नात बघतो. दोन्ही बाजूंना लोकांच्या बोटी, एकीपेक्षा एक महाग, मध्ये जेमतेम आमच्या बोटीच्या लांबीच्या दीडपट जागा. गाडी असती तर ब्रेक मारला असता. बोटीला ब्रेक नसतो, हे मला पहिल्या रविवारी पाण्यावर गेल्यावर कळलं, आधी कळलं असतं तर मी दुसरी खोली शोधली असती. तीन टनांचं ते धूड एकदा सरकायला लागलं की सरकतच राहतं, थांबवायचं तर रिव्हर्स मारायचा. आणि रिव्हर्स मारला की आमच्या बोटीची शेपूट डावीकडे फेकली जायची, नाळ म्हणजे पुढचं टोक उजवीकडे. दर वेळी. "खोड आहे तिची," काका कौतुकाने सांगायचे. ते त्या खोडीवरच बोट वळवायचे. सुकाणूचा दांडा एका अंगाला दाबून धरायचा, इंजिनाला पुढचा एक छोटा झटका, मग मागचा एक झटका, पुन्हा पुढचा. बोट जात्यासारखी जागच्या जागी फिरायची. बघणारे मान डोलवायचे. मी मात्र नाळेवर उभा राहून, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने दोरी धरून, रामरक्षेतल्या आठवतील तेवढ्या ओळी म्हणत असायचो.

ती दोरी म्हणजेच माझं काम. काकांनी मागे, आपल्या डोक्याशी, एक पितळी घंटा टांगली होती आणि तिची नायलॉनची दोरी कड्यांमधून ओवून थेट नाळेपर्यंत आणली होती. इंजिनाच्या आवाजात आणि वाऱ्यात पुढचा ओरडलेला मागे ऐकू येत नाही. शिवाय त्यांना ओरडणं मान्यच नव्हतं. समोर मोकळं असेल तर दोन बेल. समोर काही आलं तर एक. बस्स. "तू वर, मी खाली," ते म्हणायचे. तीस वर्षं ते हेच करत आले होते. जहाज धक्क्याला लागताना वरून ब्रिजवरून, म्हणजे कप्तान उभा असतो तिथून, घंटा यायची, खाली इंजिनरूममध्ये खिडकी नाही, आभाळ नाही, समोर धक्का आहे की दुसरं जहाज याचा पत्ता नाही. घंटा म्हणेल तसं इंजिन फिरवायचं. "अख्ख्या जगातल्या बंदरांत मी जहाजं लावली, मास्तर. एकही बंदर बघितलं नाही."

मास्तर म्हणजे मी. एसटीच्या कंडक्टरला आपल्याकडे मास्तर म्हणतात ना, म्हणून. हॅलिफॅक्समध्ये मला मास्तर म्हणणारा तो एकच माणूस होता, आणि सांगायला लाज वाटते, पण ते ऐकलं की मला बरं वाटायचं. नाहीतर एवढ्या भीतीत दोन उन्हाळे कोण काढतं?

त्यांचं हे वर-खाली सगळीकडेच चालायचं. आम्ही ग्रोसरीला जायचो तेव्हा कार्ट ते ढकलायचे आणि मी पुढे चालायचो. दुकानात घंटा नव्हती म्हणून मी कार्टच्या कडेवर टिचकी मारायची. एक टिचकी, काका जागच्या जागी उभे. दोन टिचक्या, चला. एकदा मी डाळींच्या रॅकपाशी एक टिचकी मारली आणि तिथे भेटलेल्या एका नागपूरकराशी गप्पा मारत बसलो. दहा मिनिटांनी वळून बघतो तर काका तसेच मध्यात उभे, मागे पाच माणसांची रांग, आणि ते सगळ्यांना शांतपणे "सॉरी, नो बेल" सांगतायत. मी म्हणालो, "काका, अहो, तुम्ही यायचं ना!" तर म्हणाले, "तू एक दिली होतीस."

तेव्हा मी खूप हसलो. त्याच उन्हाळ्यात, सप्टेंबरच्या सुरुवातीला, माझं ते हसणं माझ्या अंगाशी आलं.

त्या रविवारी आम्ही बोळातून परत येत होतो. डावीकडच्या रांगेतून एक मोठी पांढरी मोटरबोट अचानक उलटी बाहेर निघाली, तिच्या चालवणाऱ्याने मागे बघितलंच नाही. माझ्या समोर ती पांढरी भिंत वाढत वाढत आली. मी दोरी ओढली. एकदा ओढली असं मला वाटलं. पण घाबरलेला हात कधी एकदा ओढतो का? टिंग, टिंग. मागून साहेब खणखणीत धडधडले, आणि आम्ही थांबायच्या ऐवजी पुढे सुटलो. मोटरबोटवाल्याने ओरडत आपली बोट कशीबशी वाचवली. आमची नाळ मात्र क्लबाच्या लाकडी धक्क्याच्या टोकावर जाऊन बसली आणि दोन फळ्या कडाकड मोडल्या.

क्लबाची सगळी व्यवस्था एक बाई बघायच्या. पन्नाशीच्या, दणकट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, सगळ्यांना "डिअर" म्हणायच्या आणि कोणाचं ऐकून घ्यायच्या नाहीत. त्या आल्या, फळ्या बघितल्या, काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "माय हँड स्लिप्ड." हात घसरला. माझं नाव नाही. बाई म्हणाल्या, या वर्षातला हा दुसरा अपघात. अजून एकदा काही लागलं, तर तुमची जागा मी दुसऱ्याला देणार, आय मीन इट, डिअर. काकांनी मान हलवली. जागा गेली की बोट गेली, बोट गेली की वॉन. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

बाई निघाल्या तेव्हा मी गोळा झालेली दोरी सोडवत एकटा पुढे होतो. माझ्यापाशी थांबून त्यांनी हळूच विचारलं, "ही कान्ट सी, कॅन ही?"

मी म्हणालो, "ही सीज फाइन."

एवढंच. तीन शब्द. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, "ओके डिअर" म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवसापासून माझी भीती बदलली. आधी मला मी बुडेन अशी भीती वाटायची. आता कोणाला तरी काहीतरी होईल आणि ते माझ्या त्या तीन शब्दांमुळे होईल, ही भीती रात्रंदिवस मागे लागली. फेरीत बसलो की खालच्या पाण्याऐवजी मला धक्क्यावर उभी असलेली माणसं दिसायची, त्यांचे पाय दिसायचे.

घरी आल्यावर मी काकांवर चिडलो. "काका, मी थांबा म्हणत होतो! समोर एवढी मोठी बोट, कोण कशाला चला म्हणेल? तुम्हाला कळायला नको?"

"तू दोन दिल्यास."

"अहो पण मला एक द्यायची होती!"

"गप रव, मेल्या," ते एकदम मालवणीत ओरडले. दोन वर्षांत तेवढं एकदाच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या मनात काय होतं ते खालच्याने बघायचं नाही. एका जहाजावर आमचा सेकंड इंजिनियर होता. हुशार. वरच्यांची चूक त्याला आधी कळायची, आणि दर वेळी बरोबर निघायची. एकदा धक्क्याला लागताना वरून पुढे जायची घंटा आली. त्याला खात्री होती की वरच्याची चूक झालीय. त्याने इंजिन थांबवून ठेवलं. चार सेकंद. जहाज तसंच धक्क्याकडे सरकत राहिलं." काकांनी माकडटोपी काढली, पुन्हा घातली. "धक्क्यावर दोरी पकडायला एक खलाशी उभा होता."

मग ते उठून आत गेले.

त्याच रात्री मी कराडला फोन लावला. वडिलांना बोटीचं काही सांगितलं नाही, उगाच आईचं ब्लडप्रेशर वाढायचं. नुसतंच विचारलं, "अण्णा, घाईत एकाच्या जागी दोन बेल गेल्या असं कधी झालं का तुमचं?" ते हसले. "नवीन होतो तेव्हा झालं की. एक म्हातारी उतरता उतरता गाडी सुटली. तेव्हापासून सवय लावून घेतली. एक मारायची आणि दोरी हातातून सोडून द्यायची. हातात ठेवलीस तर हात पुन्हा ओढणार." मी बेसमेंटमध्ये वायरला एक चमचा बांधला आणि रोज प्रॅक्टिस केली. ओढ, सोड. ओढ, सोड. वरून काकांचा आवाज यायचा, "वाजतंय बरोबर, मास्तर."

ऑक्टोबरच्या अखेरीला बोटी पाण्याबाहेर काढतात. क्लबात एक क्रेन होती, तिच्याखाली दोन काँक्रीटच्या भिंतींमध्ये एक अरुंद पाणी. त्या फटीत बोट स्वतः चालवत न्यायची, मग क्रेन तिला पट्ट्यांत धरून वर उचलते. आमच्या बोटीला दोन्ही बाजूंनी वीतभर जागा राहायची. त्या दिवशी वारा बाजूने, बोचरा, आणि एवढी थंडी की नाकातून पाणी वाहत होतं. भिंतीवर बाई स्वतः दोरी पकडायला उभ्या होत्या. बाकी कोणीही तिथे असतं तर चाललं असतं.

"घाबरलास काय रे, मास्तर?"

"हो काका. खूप."

"मग चल."

हातमोज्यातून घंटेची दोरी निसटत होती. आणि इथे मी गाढवपणा केला. निसटू नये म्हणून मी ती दोरी मनगटाला दोन वेढे घेऊन गुंडाळली. जवळजवळ दोन महिने रोज 'सोड, सोड' म्हणून घोकलं होतं, आणि नेमक्या त्या दिवशी सोडता येणार नाही अशी बांधून घेतली.

फटीच्या तोंडाशी आलो. समोर मोकळं. मी दोन बेल दिल्या. काकांनी इंजिनाला थोडासा जोर दिला, वारा नाळेला ढकलत होता, त्याच्यापुढे सरकायला तेवढा लागतोच. आत शिरलो. डाव्या भिंतीवर बाई वाकल्या, माझ्या दुसऱ्या हातातल्या, बोट बांधायच्या दोरखंडासाठी हात पुढे केला. भिंतीच्या कडेला हिरवं शेवाळ होतं. त्यांचा उजवा पाय सटकला. त्या बसकण मारून आपटल्या आणि एक पाय, रबरी बुटासकट, मांडीपर्यंत खाली लोंबला. आमच्या नाळेच्या आणि काँक्रीटच्या मध्ये.

मला तो बूट दिसला. काळा, कडेला पिवळी पट्टी. तीन टन त्याच्याकडे चालले होते.

मी एक बेल दिली. शपथेवर सांगतो, एकच दिली. पण त्याच वेळी मी घाबरून मागे उडालो, आणि मनगटाला गुंडाळलेली दोरी माझ्याबरोबर आली. टिंग, टिंग.

दोन. निघा.

ओरडून उपयोग नव्हता, मागे ऐकूच गेलं नसतं. मला ग्रोसरीतले काका दिसले, मध्यात उभे. तू एक दिली होतीस. तू दोन दिल्यास. मागे साहेब पूर्ण जोराने धडधडले, सगळी बोट हादरली, आणि मी डोळे मिटले. आता ते ऐकू येणार, असं वाटलं. हाड मोडल्याचा आवाज कसा असतो ते मला माहीत नव्हतं, मी त्याची वाट बघत होतो.

आला तो पाण्याचा आवाज. डोळे उघडले तर बोटीच्या दोन्ही अंगांनी फेस पुढच्या दिशेने उसळत येत होता. रिव्हर्स. पूर्ण रिव्हर्स. शेपूट आपल्या खोडीप्रमाणे डावीकडे गेली, तिथे लावलेल्या रबरी फुग्यावर टेकली, नाळ उजवीकडे सरकली आणि बाईंच्या पायाशी हातभर जागा झाली. त्यांनी पाय वर ओढला. बूट पाण्यात राहिला. त्या भिंतीवर एका मोज्यात बसून जोरजोरात श्वास घेत होत्या, मग हसायला लागल्या, मग डोळे पुसले.

"जीझस," त्या मागे काकांकडे बघत ओरडल्या. "गुड आइज, कॅप्टन! गुड आइज!"

बोट वर उचलली गेली, पट्ट्यांत लटकत आवारात आली, लोखंडी टेकूंवर बसली. बाई दुसरे बूट घालून आल्या आणि काकांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, की पुढच्या उन्हाळ्यात तुमची जागा पक्की, त्याच्या पुढच्याही, आणि मी तुमच्याबद्दल भलतंच काही समजत होते, सॉरी डिअर. मी तिथेच उभा होतो. मला त्या वेळी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. काका फक्त "थँक यू, थँक यू" म्हणत राहिले.

मग आम्ही शिडी लावून पुन्हा बोटीत चढलो, जमिनीवर उभ्या असलेल्या बोटीत, आणि नेहमीच्या जागी बसून थर्मासमधला आल्याचा चहा ओतला. मनगटावर दोरीचा लाल वळ उठला होता.

"दोन होत्या," काका म्हणाले.

"हो काका. दोरी गुंडाळून घेतली होती. चुकलं माझं. पायच गेला असता त्यांचा. मीच त्यांना सांगितलं होतं की तुम्हाला दिसतं." मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. "पण काका, तुम्हाला दिसल्या का हो त्या? कडेने?"

"बाई? छे. मला बाई दिसलीच नाही. मला दोन बेल ऐकू आल्या."

"मग रिव्हर्स?"

"पहिली तू मारलीस. दुसरी तुझ्या हाताने मारली. मला कळलं." ते चहा फुंकत होते. "दोन वर्षं ऐकतोय तुझी बेल. निघा म्हणणारा हात तसा नसतो."

"देवासारखे धावलात, काका. खरंच."

ते खुश झाले नाहीत. डोक्यावरच्या घंटेकडे त्यांनी तोंड वर केलं, मग तिरपं केलं, कारण सरळ बघितलं की तिथे डाग यायचा. मला वाटलं, ते थकलेत. आणि का कोण जाणे, दोन वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना त्यांचाच प्रश्न विचारला.

"काका, तुम्ही घाबरला होतात?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "तेच तर. घंटा म्हणत होती निघ, आणि मी मनात म्हटलं, चूक आहे. जराही भीती वाटली नाही. पक्की खात्री होती." त्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. "त्या सेकंड इंजिनियरलाही होती."

"पण तुम्ही बरोबर होतात ना!"

"आज," काका म्हणाले.

खाली कोणीतरी बोटीच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ पाण्याच्या फवाऱ्याने धुवायला लागलं होतं. काकांनी हात वर केला, हवेत थोडा चाचपडला, दोरी सापडली. त्यांनी ती एकदा ओढली आणि हातातून सोडून दिली.